पाहुण्याचा कूलर

"न्हाय ओ मावशी, मी लायटीच्या हापिसातनं आलेली न्हाय. मीटर बगनार हाय, पर मीटरवाली न्हाय."

"मग कोन गं तू? आत्तापतुर तर भाकरीवाली हुतीस की!"

"आजून बी हाय. भाकरी आता आत्याबाई थापत्यात, मी शिकाया जाती. घरात लाईट कुटं खर्ची पडती, कुटं वाया जाती, त्ये हुडकायचं आन लिहून द्यायचं. आसं करा, तसं करा, बिल कमी यील."

"आन तारंवर आकडा टाकल्याला घावला तर?"

"तुमचा हाय का आकडा?"

"आमचा कशाला असंल गं बाई! पलीकडच्या गल्लीत..."

"नगा सांगू. मला ऐकू कमी येतं."

सोजरबाई हसल्या आणि अर्धं धरलेलं दार त्यांनी पुरतं उघडलं. आतून आबासाहेबांनी विचारलं, "कोन हाय गं?"

"ती भाकरीवाली प्रेमला. शिकून म्याडम झालीया."

"मग म्याडमला भायेर हुबी करतीस व्हय? आत घे. खुर्ची दे."

होटगी रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गल्लीत प्रेमला कित्येक वर्षं कडक भाकरीची पाटी घेऊन येत होती. आबासाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी सिग्नलच्या केबिनीत गेलेली. सोजरबाई वेळापूरकडच्या. माणसं मायाळू. पाटी उतरवायला हात लावणार, उन्हाचं तांब्याभर पाणी देणार. पण हे सगळं उंबऱ्याच्या बाहेर. भाकरीवालीला आत बोलवायचं काही कारणच पडत नसे. त्या दिवशी डोक्यावर पाटी नव्हती, खांद्याला पिशवी होती आणि गळ्यात फोटो लावलेलं ओळखपत्र. एवढ्यावर उंबरा ओलांडला गेला.

आत खुर्ची मिळाली. सोजरबाई लगबगीनं मोरीकडं गेल्या, बादली भरून आणली, खिडकीतल्या कूलरच्या पोटात रिकामी केली, परत गेल्या, परत आणली. बटण दाबलं तशी आधी धूळ उडाली, आबासाहेब शिंकले, मग कूलरचं गवत भिजलं आणि गार वारा सुटला. वैशाखातलं सोलापूर. बाहेर कुत्रीसुद्धा गटारीत बसलेली. प्रेमलाच्या मानेवरचा घाम वाळला, पदर हलायला लागला, आणि ती खुर्चीत जरा मागं रेलून बसली.

ती का रेलून बसली हे कळायचं तर ती उठून कुठून आली होती ते सांगायला पाहिजे.

प्रेमलाचं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. दिली सोलापुरात. सासू रंभाबाई, म्हणजे प्रेमलाच्या आत्याबाई, तिचा कडक भाकरीचा धंदा. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, आणि मग निखाऱ्याच्या धगीवर पापडागत वाळेस्तोवर ठेवायची. मोडताना कडाड वाजली पाहिजे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वरून पत्रा तापायचा, खालून चुली. त्या धगीत प्रेमलाचं तारुण्य गेलं असं कुणी म्हटलं तर ती म्हणते, "तारुन्य कशाला जातंय, डोळं गेलं." डोळ्यांतून पाणी थांबेना तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, धुरापासून लांब राहा. भाकरीवालीला धुरापासून लांब राहा म्हणणं म्हणजे माशाला पाण्यापासून लांब राहा म्हणणं.

मग एका संस्थेचा फलक दिसला. घरगुती वीजवापर तपासनीसाचं प्रशिक्षण. बायांना प्राधान्य, कारण घरात शिरायचं, स्वयंपाकघरात बघायचं, तिथं बाप्याला कोण येऊ देतंय? प्रेमला बारावी झालेली. नवऱ्याला हो की नाही म्हणायला वेळ नव्हता, टेम्पोवर होता. रंभाबाई मात्र म्हणाली, "शीक की. मी काय आडवी येत न्हाय. पर ध्यानात ठेव, चूल काय कुटं रुसून जात न्हाय. परत आलीस की हितंच हाय." आशीर्वाद का धमकी, ते रंभाबाईचं कधीच कळत नाही. पण खरं तेवढंच होतं. प्रमाणपत्र मिळालं तर पिशवी खांद्याला, नाही मिळालं तर पुन्हा शेड आणि धूर.

वर्ग भरायचा एका शाळेच्या वरच्या मजल्यावर. बाकी पोरं आयटीआय झालेली, वॅट-व्होल्ट घोकून आलेली. प्रेमलाचं गाडं पहिल्याच दिवशी वॅट आणि युनिट ह्यात रुतलं. शिकवणारे वेणीमाधव सर, इंजिनिअरची नोकरी करून मोकळे झालेले, सावकाश बोलणारे. त्यांनी फळ्यावर चार वेळा सूत्र लिहिलं. पाचव्यांदा प्रेमलाच म्हणाली, "म्हंजी सर, म्हस एका वक्ताला किती खाती त्ये वॅट. आन दिवसभर दावनीला हुबी राहून किती खाल्लं त्ये युनिट."

पोरं हसली. सर म्हणाले, "हसू नका, बरोबर आहे. आता पुढं सांगा, जास्त कोण खाईल? मोठी म्हैस घटकाभर, की शेळी दिवसभर?"

"शेळी दिसत न्हाय सर. म्हस दिसती. म्हनून म्हशीलाच शिव्या बसत्यात."

तारेभोवती धरला की आतला करंट दाखवणारं चिमट्याचं मीटर आलं. भिंतीवर लाल ठिपका पाडून तिचं तापमान सांगणारं यंत्र आलं. स्लॅबवर पांढरा चुना दिला तर खालची खोली किती थंड राहते, फ्रिज भिंतीला चिकटवला तर तो कसा धापा टाकतो, हे सगळं तिला समजलं. धग कुठून येते आणि कुठं जाते हे चुलीपुढं बसलेल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. शेवटी सरांनी सांगितलं, ओळखीचं एक घर घ्या, तपासा, लिहून द्या. पुढचं बिल आलं की मी स्वतः त्या घरी फोन करणार. तुम्ही लिहिलं तसं उतरलं असेल तर सही.

म्हणून ती सोजरबाईंच्या खुर्चीवर बसली होती.

काम तिनं नेटानं केलं. लाल ठिपका भिंतीवर पडला तसे आबासाहेब म्हणाले, "काय गं, भिंतीला ताप आलाय का?"

"भितीला न्हाय आबा, स्लॅबला आलाय. चुना मारून घ्या वरनं."

"चुना लावायला लई जन टपल्यात आमाला. पुढं इच्यार."

"कूलर रोज किती येळ चालतो?"

सोजरबाईंनी आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "दिवसभर. आमच्याकडं कशाची कमी न्हाय."

प्रेमलानं लिहून घेतलं. कूलर जुना, मोटर जड. दिवसभर चालतो असं धरलं आणि बाकीच्या वस्तूंची बेरीज घातली, तर एकूण आकडा बिलाशी चोख जुळला. चोरच सापडला. तिनं अहवालात लिहिलं: कूलर बदलावा किंवा कमीत कमी वापरावा. स्लॅबला चुना द्यावा. दोन जुन्या ट्यूब काढाव्यात. सरांनीही वाचून मान डोलावली.

आबासाहेब हुकमाचे ताबेदार. कागदावर लिहिलेलं म्हणजे ऑर्डर. पण ऑर्डरीतलंही माणूस सोयीचं तेवढंच पाळतो. चुन्याचं त्यांनी "बगू म्होरं" केलं, ट्यूब तशाच ठेवल्या, आणि दारावरून भंगारवाला चालला होता त्याला हाक मारून कूलर उचलून दिला. सोजरबाई देवळातून घरी आल्या तर खिडकीत भगदाड.

पुढच्या महिन्यात बिल आलं. एक रेघही उतरलं नव्हतं.

सरांनी प्रेमलाला वर्गानंतर थांबवून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "प्रेमलाताई, तुम्ही गेलात तेव्हा कूलर चालू होता, का तुम्ही गेल्यावर चालू झाला?"

"म्हंजी?" प्रेमलानं विचारलं.

"आठवा."

"त्यांनी पानी वतलं. माज्याम्होरं. दोन बादल्या."

"म्हणजे टाकी कोरडी होती."

"व्हय."

"आणि वाळलेलं गवत? धूळ?"

"उडाली हुती. आबा शिंकलं."

"म्हणजे तुम्हाला सगळं दिसलं होतं." सरांनी चष्मा काढला. "हिवाळ्यातली बिलं मी काल पाहिली. तीही फारशी उतरलेली नाहीत. हिवाळ्यात कोण कूलर लावतो? हे मी आधी बघायला पाहिजे होतं, ते माझं चुकलं. पण तुम्ही त्या खोलीत होता. दिसलं तर लिहिलं का नाही?"

प्रेमला म्हणाली, "बरं वाटलं हुतं सर. इतक्या वर्सांत त्या घरात मला कुनी बस म्हनलं न्हवतं. खुर्ची दिली, गार वारं लावलं. त्ये माज्यासाटी लावलंय, ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हाय. मला वाटलं, ह्यांचं रोजचंच आसंल."

सर काही समजुतीचं बोलतील असं तिला वाटलं असेल तर ते बोलले नाहीत. म्हणाले, "दुसरं घर दिलं तर तिथंही खुर्ची मिळेल. तुम्हाला तेच घर परत. पुढचं बिल येईपर्यंत. नाहीतर माझी सही नाही."

घरी आल्यावर रंभाबाईनं तोंडाकडं बघूनच ओळखलं. "काय, पंक्चर?"

"व्हय."

"मग सकाळच्याला पीठ मळायला बस."

"पीठ मळती. पर पाटी बी मीच नेती उद्या. त्या गल्लीची."

दुसऱ्या दिवशी प्रेमला पाटी घेऊन सोजरबाईंच्या मागच्या दाराला गेली. सोजरबाई भांडी घासत होत्या. वर बघितलं आणि परत भांड्यात तोंड घातलं.

"जावई आला हुता," त्या म्हणाल्या. "परवा. रुमाल पिळून पिळून घाम पुसत बसला. हितं," त्यांनी राखेचा हात पुढच्या खोलीकडं केला, "हितं बसला हुता, त्या भगदाडाम्होरं. भायेरची झळ समदी त्याच्या तोंडावर. लेक म्हनली, आई, कूलर कुटंय? काय सांगू? भाकरीवालीनं कागूद दिला, म्हनून भंगारात घातला?"

"चुकलं मावशी."

"चुकलं म्हनून कूलर येतोय व्हय?"

"न्हाय येत. पर मावशी, खोटं तुमी सांगितलं की. दिवसभर चालतोय म्हनून."

सोजरबाईंनी कढई आपटली. "मग काय सांगायचं हुतं? रेल्वेतल्या मानसाच्या घरात कूलर हाय, पर लावत न्हाईत, पावना आल्याबिगर? तू उठून पाटी घीऊन धा दारं हिंडनार. मी तुज्याम्होरं आसं सांगू?"

प्रेमलाच्या स्वतःच्या घरी एक चांगली चादर होती, ती ट्रंकेत असायची. पाहुणा आला की खाटेवर यायची, गेला की ट्रंकेत. उद्या तिच्या घरी कोणी चादरी मोजायला आलं असतं तर तिनंही हेच केलं असतं. इथं घरात दोन संसार असतात, एक राहायचा आणि एक दाखवायचा. सरांच्या वर्गात ह्यातला एकच शिकवला होता. कुठला, तेही सांगितलं नव्हतं.

"आज मला पावनी करू नगा," ती म्हणाली. "मागच्या दारानं आलेय. कायतरी कामाला लावा आन तुमचं चालू द्या रोजच्यावानी."

"मेथी निवड मग," सोजरबाई म्हणाल्या. "मुळं कापून. माती पाडू नगं."

प्रेमला मेथी निवडत बसली. मग शेंगा फोडल्या. सोजरबाईंचा राग हळूहळू गप्पांत विरघळत गेला, तरी पुरता नाही. फ्रिज उघडला, मिटला. मिक्सर घरघरला. पंखा आबासाहेबांच्या डोक्यावर एकटाच फिरत होता. दुपार झाली तशी सोजरबाईंनी मागच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडलं, ओल्या फरशीवर पदर टाकला आणि आडव्या झाल्या. हा त्यांचा खरा कूलर. प्रेमला भिंतीला टेकून बसली. घर शांत झालं, आणि तेव्हा तिला आवाज आला.

मोरीच्या भिंतीपलीकडून. बारीक, सुका, एकसुरी. घूं.

माहेरी उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं मागं सरकायचं आणि काठावरच्या पंपाचं तोंड उघडं पडायचं. पंपानं हवा धरली की आवाज असाच पातळ व्हायचा. त्या आवाजाला पोरंसोरं हातातला घास टाकून स्टार्टरकडं धावायची, कारण कोरडी मोटर जळली म्हणजे बापाचा पट्टा. प्रेमला उठून उभीच राहिली.

"मावशी! मोटर चालू हाय काय?"

"व्हय की," सोजरबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आज पान्याचा वार हाय."

"आलं पानी?"

"न्हाय. यील."

"मग चालू कशापायी?"

आता सोजरबाईंनी एक डोळा उघडला. इतकं बावळट कोणी विचारील असं त्यांना वाटलं नव्हतं. "आगं, कळाया नगं व्हय? पानी चार-पाच दिसांनी येतंय. कवा सकाळी, कवा सांच्याला, कवा रातीचं. जागत कोन बसनार? मोटर लावून ठिवायची. आवाज बदलला की पानी आलं. मी कितीबी झोपीत आसू दे, त्यो आवाज बदलला की मी टक्कन उटती."

"आज कवापासनं लावलीया?"

"पूजा झाल्यापासनं. कवातरी जळती, मग भरून आनायची."

प्रेमलानं पाटीतल्या भाकरीखालून चिमट्याचं मीटर काढलं. मोरीमागं जाऊन तार धरली. कोरडी मोटर भरलेलीपेक्षा कमी खात होती, पण खात होती. दिवसभर, कधी रात्रभर, पाण्याच्या प्रत्येक वाराला, उन्हाळा असो की हिवाळा. शेळी. दावणीला कायमची उभी आणि कोणाच्या डोळ्यांत न येणारी. शंभर युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटाला दर चढतो. हे घर दर महिन्याला ती रेघ ओलांडत होतं ते ह्या गजराच्या घड्याळामुळं.

"मावशी, चोर हितं हाय. बंद करा."

"आन पानी गेलं तर? तू डोक्यावर आनून घालतीस?"

"नळ उगडा ठिवा. खाली डबा. पानी आलं की वाजंल."

"वाजतंय! समद्या गल्लीच्या मोटरा वडत्यात. माज्या नळाला मोटरबिगर थेंब येत न्हाय. जा, भायेर जाऊन ऐक."

प्रेमला भर दुपारी गल्लीत गेली. एकेका भिंतीला कान लावला. घूं. पुढची भिंत, घूं. अख्खी गल्ली कोरडी गुणगुणत होती. प्रत्येकाला भीती एकच, शेजाऱ्यानं आपल्याआधी ओढलं तर.

गल्लीच्या उताराला शेवटचं घर कस्तुराबाईचं. अक्कलकोटकडची बाई, अर्धं कानडी बोलणारी, दारात बसून वाती वळत होती. "यव्वा! काय गं भितीला कान लावून हिंडतीस? आमच्या घरात आज भांडान न्हाय. उद्या ये."

"अव्वा, तुमची मोटर वाजत न्हाय?"

"मला कशाला मोटर? माजा नळ खड्ड्यात. पानी आदी माज्याकडंच येतंय. पर काय उपेग? दोन घागरी भरूस्तर वरनं समद्यांच्या मोटरा चालू. मग माज्या नळाला नुसतं वारं. फुसss."

प्रेमला तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि नीट सगळं विचारून घेतलं. मग परत वर आली आणि सोजरबाईंना म्हणाली, कस्तुराबाईला आधी भरू द्या. तिचं भरलं की ती परात वाजवील. मग सगळ्यांनी मोटरा लावायच्या. तोवर बंद.

"त्या बाईसाटी मी वाट बगू?" सोजरबाई उसळल्या. त्या दोघींचं पाण्यावरून बोलणं तुटून दिवाळ्या झाल्या होत्या. "तिचं भरूस्तर पानी गेलं तर?"

"आज बी तुमी वाटच बगताय की. मोटर लावून बगताय येवडंच."

"आन बाकीचे ऐकत्यात व्हय? मी बंद ठिवायची आन शेजारीन वडनार!"

खरी अडचण ही होती आणि तिला चिमट्याचं मीटर लागत नव्हतं. प्रेमलाचं तोंड उतरलं. अहवालात "मोटर बंद ठेवा" एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. चुना आणि ट्यूबसारखंच तेही कोणी केलं नसतं आणि बिलही हललं नसतं.

तेवढ्यात आबासाहेब पुढच्या खोलीतून आले. पंख्याखाली पडून सगळं ऐकत होते. म्हणाले, "परात कोन वाजिवनार म्हनलीस?"

"कस्तुराबाई."

"म्हंजी सिग्नल."

"व्हय आबा. सिग्नलच."

"सिग्नल पडल्याबिगर गाडी सोडायची न्हाय." ते टोपी घालायला लागले. "सोपी गोष्ट हाय. उभा जल्म तेच केलंय. ह्या गल्लीत केबीनच न्हवती, म्हनून ह्यो घोळ."

मग आबासाहेब दारोदार गेले. कुणाला समजावलं, कुणाला दटावलं. एकानं विचारलं, तुम्हाला कुणी नेमलं? त्याला रेल्वेच्या आवाजात उत्तर मिळालं. त्या दिवशी पाणी उन्हं कलताना आलं. उताराला परात दणाणली, कस्तुराबाईनं इतकी बडवली की तिला पोचा आला, आणि मग मोटरा सुरू झाल्या. पाणी आलेल्या मोटरेचा भरीव आवाज. एका घरानं आधीच लावली होती. आबासाहेब त्याच्या दारात जाऊन असे काही बोलले की त्याच्या बायकोनंच बटण बंद केलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. वरच्या अंगाची दोन घरं पुढच्याच खेपेला फुटली. एकदा कस्तुराबाई लग्नाला गेली आणि परात वाजलीच नाही, तेव्हा गल्लीनं तिच्या सात पिढ्या काढल्या. सोजरबाई आणि कस्तुराबाई अजून बोलत नाहीत. परातीपुरतं चालतं. पण सोजरबाईंची मोटर पाण्याबिगर फिरायची थांबली. पुढचं बिल रेघेच्या खाली आलं. फार नाही, पण खाली.

वेणीमाधव सरांनी आधी आबासाहेबांना फोन केला आणि मग दुसरा अहवाल वाचायला घेतला. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. "हे काय? 'कूलर फक्त पाहुण्यांसाठी होता. काढायला नको होता.' ताई, तपासणीच्या अहवालात हे बसत नाही."

"मग कुटं बसवू सर? त्यांच्या घरातला पावन्याचा वारा माज्यापायी गेला. लिवायला तर पायजे."

सरांनी ती ओळ खोडायला पेन टेकवलं, जरा थांबले, आणि खोडली नाही. खाली सही केली.

सही लागली हे कळल्यावर रंभाबाई एवढंच म्हणाली, "मग उद्यापासनं पाटी कोन नेनार? माजं गुडगं?" त्यासाठी आता शेजारची एक बाई ठरवली आहे. प्रेमलाच्या डोळ्यांचं पाणी कमी झालंय, पुरतं थांबलं नाही.

सोजरबाईंच्या घरी ती अधूनमधून जाते. तिथं आता तिला कोणी खुर्ची देत नाही. मागच्या दारानं घेतात, पाट देतात, आणि समोर निवडायला काहीतरी ठेवतात. खिडकीतल्या भगदाडाला आबासाहेबांनी पुठ्ठा ठोकलाय. कूलर परत घ्यायचा विषय निघाला की सोजरबाई प्रेमलाकडं बघतात, आणि प्रेमला मेथीकडं.

परवा तिला पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत एक घर दिलं होतं. पत्र्याचं. घरातली माणसं चटईवर बसा म्हणत होती, चहा टाकत होती. ती म्हणाली, "चा हुईस्तर मी वर पत्रा बगून येती. शिडी कुटं हाय?" शिडी भिंतीला लावली. पहिल्या पायरीवर तिनं चपला काढल्या, मग वर पत्रा कसा तापला असेल ते ध्यानात आलं, म्हणून परत घातल्या. पिशवी काखेत मारली, पदर खोचला आणि वर चढली.